कानामागचा ओरखडा

रविवारी तिकीट नसतं.
बायको चर्चला गेली की इल्देफोन्सो इकडे येतो,
सदरा इस्त्रीचा, बुटांना मात्र ऑलिव्हच्या मळ्यातली माती,
आणि मी, दालन तीनची पहारेकरीण,
त्या मातीकडे काणाडोळा करते.

वाटेत पुष्कळ काही आहे.
राखेचे रांजण.
दुमडून ठेवलेल्या तलवारी –
धनी गेला की त्याची तलवारही मारायची, अशी रीत होती म्हणे,
परक्या हातात तिनं नांदू नये म्हणून.
अंगठ्याएवढ्या कांस्याच्या बाया, तळहात पुढे केलेल्या;
त्या देत होत्या की मागत होत्या
यावर दोन प्राध्यापक माझ्यासमोर पाऊण तास भांडले.
(मला आवडतं ते मागाचं वजन,
ओल्या मातीत कुणाचं तरी बोट रुतलेलं. कुणी भांडत नाही त्यावर.)

तो कशापाशीच थांबत नाही.
सरळ सिंहिणीसमोर जाऊन उभा राहतो.

अर्धीच आहे ती. मागचं धड मिळालं नाही.
पंजाखाली मेंढा, दगड मधाच्या रंगाचा,
आणि उजव्या कानामागे
बोटभर खोल, पांढराफटक ओरखडा.
पाटीवर लिहिलंय:
चुनखडक. इसवीसनापूर्वी पाचवं शतक. कानामागील इजा आधुनिक.

“आधुनिक म्हणजे मी,” त्यानं पहिल्यांदा सांगितलं
तेव्हा तो हसला नव्हता.

एकोणऐंशीचा जानेवारी. भाड्याचा ट्रॅक्टर.
उतारावर नवी रोपं लावायची होती आणि फाळ अडला.
आधी त्यानं दगडाला शिवी दिली,
मग ट्रॅक्टरला, मग ट्रॅक्टरवाल्याच्या आईला.
उतरून हातानं माती सारली, तर डोळा.
“दगडाचा असतो तसा नव्हे,
झोपमोड झालेल्या माणसाचा.”

मग दोऱ्या आल्या, खुंट्या आल्या, ब्रश घेतलेली पोरं आली.
तीन वर्षं वावर पडीक.
पैसे थोडे, तेही उशिरा.
धाकटा भाऊ म्हणाला, गाडून टाकायचं होतंस गुपचूप,
गावभर बोंब कशाला मारलीस?
तो अबोला गेल्या पावसाळ्यात भावासोबतच
कबरीत गेला.

गेल्या रविवारी त्यानं नातीला आणलं. आरोआ, अकरा वर्षांची.
ती अडकली शिशाच्या पत्र्यापाशी:
काडेपेटीएवढी गुंडाळी, उलगडून काचेखाली ठेवलेली,
बारीक टोचलेल्या खुणांच्या सात ओळी.
मी म्हटलं, अक्षरं लागतात,
अर्थ लागत नाही.
शेजारच्या तक्त्यावर बोट ठेवत ती मोठ्यानं म्हणू लागली,
का के की को कू –
बाराखडी घोकावी तशी,
आणि मग पत्र्यावरची अख्खी पहिली ओळ.

दालनात आवाज करायचा नाही, असा नियम आहे.
मी काही बोलले नाही.
दोन हजार वर्षं ज्या ओळीला ओठ मिळाले नव्हते
ती दातांना तारा लावलेल्या पोरीच्या तोंडून
नीट, जरा बोबडी, बाहेर पडली.

म्हातारा वळला.
“हिशेब असणार,” म्हणाला. “शिशावर कोण प्रेमपत्र लिहितं?
कुणीतरी कुणाचं तरी देणं लागत होतं.”
थोडं थांबून, “सख्खा असेल. परक्याला
इतकं लांबलचक कुणी लिहीत नाही.”

आरोआनं सिंहिणीची पाटी वाचली,
मागून पुढून पाहिली.
“आजोबा, यात तुझं नाव कुठाय?”
त्यानं हनुवटीनं कानामागचा ओरखडा दाखवला.
“हे काय. माझं अक्षर पहिल्यापासूनच वाईट.”

तीनला मी त्यांना बाहेर काढलं, दिवे मालवले.
पायांना गोळे आले होते, बस सव्वातीनची.
तरी पत्र्यापाशी गेले
आणि अंधारात, आठवेल तशी, ती ओळ म्हणून पाहिली.
कुणी ओ दिली नाही.
वाट मात्र पाहिली मी,
बस चुकेपर्यंत.